काळी चार

करावे गावातल्या महापालिकेच्या बालवाडीत त्या दिवशी चव्वेचाळीस मुलं आली होती. शालन खिल्लारेनं हजेरीची वही उघडून पहिलं नाव घेतलं, तर तोंडातून नुसती हवा बाहेर आली. तिनं घसा खाकरला आणि पुन्हा नाव घेतलं. या वेळी फाटक्या पिपाणीसारखा एक आवाज निघाला. मुलांना वाटलं, बाई काहीतरी नवीन खेळ घेतायत. पुढच्या दोघांनी तसाच आवाज काढून दाखवला, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि बघता बघता पत्र्याच्या छपराखाली चव्वेचाळीस पिपाण्या वाजायला लागल्या.

"बाई, तुमचा गला पार गेला हाय," चांगुणाबाई दारातून म्हणाली. ती बालवाडीची मदतनीस, गावातलीच. "आना ती वही हितं. मी वाचतंय नावं."

शालन खुर्चीवर बसून राहिली. खरं तर आवाज बसणं तिला नवं नव्हतं. दरवर्षी मार्चअखेरीला तालमी सुरू झाल्या की तो बसायचा, आणि ज्येष्ठमधाची काडी, खडीसाखर, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या असं सगळं केलं की उठायचा. नाहीच उठला तर स्टेशनाजवळच्या एका डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घ्यायची. तासाभरात घसा मोकळा व्हायचा. एप्रिलमध्ये अशा तीन-चार सुया ठरलेल्याच असत. पण यंदा तालमी सुरू व्हायच्या आधीच आवाज गेला होता, आणि पंधरा दिवस झाले तरी परतायचं नाव घेत नव्हता.

शालन मूळची जिंतूरकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नेरुळला आली. नवरा अंकुश वाशीच्या घाऊक बाजारात मापाडी होता आणि बाजारातून सुटला की गायचा. 'समतादीप गायन पार्टी' त्याचीच. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाच्या घराची वास्तू, कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, जिथून बोलावणं येईल तिथं पार्टी जायची. पार्टीत गाणारी बाई लग्न करून सुरतेला गेली तेव्हा अंकुशनं बायकोला तालमीला बसवलं. भांडी घासताना ती गुणगुणते ते त्यानं ऐकलं होतं.

त्या पहिल्या तालमीला पेटीवाल्या दत्तूमामांनी विचारलं होतं, "बाई, तुमची पट्टी कोणती?"

शालनला पट्टी म्हणजे शाळेतल्या कंपासपेटीतली तेवढीच ठाऊक. ती अंकुशकडे बघायला लागली.

"माझीच की," अंकुश म्हणाला. "काळी दोन. तिला वेगळी कशाला?"

गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा, ती पट्टी; काळी दोन म्हणजे पेटीची दुसरी काळी. पुरुषाच्या पट्टीत बाईनं गायचं म्हटलं तर एक तर पार बुडाशी जावं लागतं, नाही तर पार शेंड्यावर. बुडाशी शालनचा आवाज बँजो-ढोलकीत ऐकूच येईना, म्हणून ती शेंड्यावर गेली. तिथं मात्र आवाज असा कडकडीत लागला की कोरसवाले टाळ्या वाजवायचे विसरले. तेव्हापासून चोवीस वर्षं ती शेंड्यावरच होती. अंकुशनं खालून सवाल टाकायचा आणि तिनं वरून जवाब द्यायचा, त्यावर पार्टीचं नाव झालं. समतादीपची बाई माइक बंद पडला तरी मैदानभर ऐकू येते, असं लोक सांगायचे. ते खरंही होतं. दोनदा माइक बंद पडला होता आणि दोन्ही वेळा ती तशीच गायली होती.

दिवसा बालवाडी, संध्याकाळी तालीम, एप्रिल-मे कार्यक्रम. घसा दुखायचा तर तो पाठ दुखावी तसा दुखायचा. पाठ कुणाची दुखत नाही?

त्या आठवड्यात मुलाचा, मिथुनचा, पुण्याहून फोन आला. शालन बोलली, तर तो म्हणाला, "कोण बोलतंय? आईला द्या." दोनदा सांगूनही त्याचा विश्वास बसेना. मग बसला तेव्हा तो चिडला, आणि दवाखान्यात गेल्याचा कागद फोटो काढून पाठव म्हणाला.

महापालिकेच्या रुग्णालयात नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंनी तिच्या नाकात काहीतरी कडू फवारलं आणि शेवटाला कॅमेरा असलेली एक बारीक नळी आत सरकवली. बाजूच्या पडद्यावर चित्र उमटलं. दोन पांढरट पट्ट्या उघडमीट करत होत्या. त्यांच्या मधोमध, समोरासमोर, डाळीच्या कण्यांएवढे दोन उंचवटे. डावीकडच्या पट्टीवर एक लाल ठिपका.

"हे तुमचे स्वरतंतू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हमालाच्या हाताला घट्टे पडतात ना, तसे हे घट्टे. कामाला काय करता?"

शालननं सांगितलं. निम्मे शब्द हवेत गेले.

"म्हणजे दिवसा ओरडायचं आणि संध्याकाळी गायचं. घट्ट्यांचं एक बरं असतं, ते विश्रांतीनं कमी होतात. मला काळजी या लाल ठिपक्याची आहे. बारीक रक्तवाहिनी फुटलीय. यावर जोर दिलात तर जखम होईल आणि तो व्रण मग जन्मभर राहील. घसा दुखताना कधी इंजेक्शन घेऊन गायलात?"

शालननं मान हलवली.

"किती वेळा?"

तिनं हात हलवून सांगितलं, मोजली नाहीत.

 डॉक्टरबाई केसपेपरवर लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "दहा दिवस एकही शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजताना जास्त ताण पडतो. खाकरायचं नाही. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं. त्यानंतर स्पीच थेरपी. गाणं तीन महिने बंद."

"मॅडम, एप्रिल तोंडावर आहे," शालन कुजबुजली.

डॉक्टरबाईंनी बोट वर केलं. "हे शेवटचं."

घरी अंकुशनं केसपेपर उजेडात धरून दोनदा वाचला. "तीन महिने?" तो म्हणाला. "अगं, सतरा सुपाऱ्या घेतल्यात. चौदा तारखेचं उलव्याचं मैदान आहे. तुझ्यासाठी बोलावलंय त्यांनी." मग त्याच्या लक्षात आलं की ती उत्तर देऊ शकत नाही. तो स्वतःच चहा टाकायला उठला.

मौनाचे पहिले दोन दिवस शालनला विचित्र गेले. बालवाडीत चांगुणाबाई बोलायची आणि शालन हातवारे करायची. चांगुणाबाई कधी ओरडत नसे. मुलं गोंधळ करायला लागली की ती पालथ्या थाळीवर उलथन्याचे दोन टोले द्यायची आणि गप्प उभी राहायची, बस्स. इतकी वर्षं शेजारी काम करून शालननं हे कधी नीट बघितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटायला लागली. कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. फोन घ्यायचा नव्हता. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. आपण इतके थकलोय हे तिला तोवर माहीत नव्हतं. थकवा असा अंगात मुरला होता की तोच आपला स्वभाव आहे असं तिला वाटत आलं होतं.

अंकुशनं तिच्या जागी क्रांतीला आणलं. क्रांती तुर्भ्याची, वीस वर्षांची, वाशीला कॉलेजात जायची आणि मोबाइलवर गाण्यांचे व्हिडिओ टाकायची. नेरुळच्या त्या घरातच पुढच्या खोलीत तालमी चालायच्या. शालन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकायची.

पोरीचा आवाज चांगला होता. पण वरच्या ओळीला आली की ती हनुवटी वर करायची, गळ्याच्या दोन्ही शिरा टरारून फुगायच्या आणि ओळ संपली की ती तोंड वळवून खाकरायची. शालननं बालवाडीतली पाटी आणली होती. तिच्यावर लिहून तिनं क्रांतीसमोर धरली. 'ही पट्टी तुझी आहे का?'

क्रांती हसली. "ताई, सरांची तीच आपली. टेन्शन नका घेऊ, आमी वर मारतो ना, बिन्धास."

शालननं पाटी पुसली. तीही अशीच म्हणाली असती. कुणी विचारलं असतं तर.

दहा दिवसांनी थेरपीला गेली तेव्हा समोर गीतांजली नावाची तिशीतली मुलगी होती. सीवूड्सला राहणारी, बोलायला मऊ. तिनं शालनला पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढायला लावले, बुडबुडे काढता काढता हूं करायला लावलं. मग ओठ सैल सोडून फुर्रर्र असा आवाज काढायला सांगितलं.

"अशी तर आमची पोरं गाडी चालवतात," शालन म्हणाली. दहा दिवसांतलं ते तिचं पहिलं वाक्य. आवाज घोगरा होता, पण होता.

"मग पोरांबरोबरच करा रोज. आता नुसतं हूं म्हणा. कुठलाही सूर लावायचा नाही, जांभई देताना येतो तसा आपोआप येईल तो."

शालननं हूं केलं. गीतांजली ऐकत राहिली. "तुमचा आवाज इतका खाली राहतो, मोकळा राहतो. तुम्ही बोलता त्याच्या खूप वर. आणि गाता तेव्हा?"

"त्याच्याही वर."

"कुठल्या पट्टीत?"

"मालकांच्या."

गीतांजलीनं पेन खाली ठेवलं. "मला गाण्यातलं फार कळत नाही, ताई. पण तुमच्या पेटीवाल्यांना विचारा ना, तुमची कोणती ते."

दत्तूमामा घणसोलीला मुलाकडे राहायचे. सत्तरी जवळ आलेली, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. शालन दुपारची गेली. सुनेनं चहा दिला. शालननं कारण सांगितलं, तसं त्यांनी पेटी पुढे ओढली आणि काळी दोन धरली.

"हूं कर. हळू."

ती वर चढायला गेली, घशात काटा आला. मामांनी बोट एक पट्टी खाली आणलं. मग आणखी एक. प्रत्येक पट्टीवर थांबत, भाता सावकाश ओढत ते खाली खाली येत राहिले. सातव्या पट्टीला शालनचा आवाज पेटीत असा मिसळला की पेटीचा कुठला आणि तिचा कुठला हे तिचं तिलाच कळेना. घशात काहीच होत नव्हतं. ना ओढ, ना काटा.

"काळी चार," मामा म्हणाले.

शालन श्वास संपेपर्यंत तो सूर धरून बसली. मग तिनं विचारलं, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

मामांनी डोळ्यावरचा हिरवा चष्मा काढून पुसला. "पहिल्या तालमीलाच."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं मी. अंकुश बोलला, माझीच. पेटीवाल्यानं दुसऱ्यांदा विचारायचं नसतं." त्यांनी भाता मिटला. "खोटं कशाला बोलू? तुझा आवाज त्या पट्टीत चमकायचा, शालनबाई. लोक उभे राहायचे. मलाही आवडायचं ते. वाटायचं, हिला जमतंय तर आपण कशाला मोडता घालायचा?"

शालनला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्यात जोर नव्हता. बसनं नेरुळला येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि उतरली तेव्हा कोथिंबीर घ्यायची आहे एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तोवर कार्यक्रम सुरू झाले होते. क्रांतीचं कौतुक होत होतं. पाचव्या कार्यक्रमानंतर, बारा एप्रिलला सकाळी, ती घरी आली ती ओढणी गळ्याला गुंडाळूनच. "सर" म्हणाली आणि पुढचा शब्द फाटला.

"काही नाही, होतं असं," अंकुश सदऱ्याची बटणं लावत म्हणाला. "चल, स्टेशनजवळ डॉक्टर आहे आपला. एक सुई घेतली की चौदा तारीख निघून जाईल."

शालन आत पोळ्या लाटत होती. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"तिला सुई नको."

तिनं आवाज चढवला नव्हता. चढवता येतही नव्हता. कदाचित म्हणूनच अंकुश थांबला.

"अगं, तूही घ्यायचीस की."

"म्हणून तर सांगते." ती क्रांतीकडे वळली. "सुईनं गळा बरा होत नाही, पोरी. सुईनं दुखणं कळायचं बंद होतं. दुखणं कळेनासं झालं की आपण आणखी ओढतो. आत काय फाटलं ते मग कॅमेऱ्यातच दिसतं."

क्रांतीनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा अंकुशकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते घाबरून होतं की चौदा तारीख हातची जाते म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मग परवा कोण गाणार?" अंकुशचा आवाज चढला. "मी एकटा? उलव्याला दोन हजार माणूस येतंय. सवाल-जवाबासाठी येतंय."

"सवाल-जवाब नाही करायचे. हिची पट्टी मामांना बघू दे, हिनं तिच्या पट्टीत चार गाणी म्हणावीत. तुम्ही तुमच्या पट्टीत तुमची म्हणा. पट्टी बदलायला कीबोर्डवाल्या पोराला बटण दाबायचं असतं नुसतं."

"आणि बँजो? तो एकाच पट्टीत लावलेला असतो."

"बँजोवाल्यानं तेवढी गाणी गप्प बसावं. मी बसले ना दहा दिवस."

अंकुश खाटेवर बसला.  मग क्रांतीला म्हणाला, "तू जा आज घरी. बोलू नको कुणाशी. गरम पाणी पी." ती गेल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "माझा वरचा सूर गेलाय. आज नाही, दहा वर्षं झाली. वरची ओळ आली की मी माइक लांब धरतो आणि तू उचलतेस. लोकांना कळत नाही. मामांना कळतं, पण ते बोलत नाहीत. आता तू नाहीस, ही पोरगी नाही, तर परवा दोन हजार माणसाला कळेल."

शालनला हे माहीत नव्हतं. चोवीस वर्षं शेजारी उभं राहून माहीत नव्हतं. वरची ओळ आली की ती डोळे मिटून घ्यायची, सगळा जीव गळ्यात आणायची, शेजारी कोण गातंय कोण नाही हे त्या वेळी तिला ऐकूच येत नसे. ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली. हाताला पीठ तसंच होतं.

"मग तुमीबी खाली या ना," ती म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या तोंडून गावाकडची बोली निघाली.

"खालच्या पट्टीत म्हातारा वाटतो मी."

"झालोच की आपण."

तो हसला नाही. पण त्यानं फोन घेतला आणि दत्तूमामांना संध्याकाळी लवकर यायला सांगितलं.

चौदा तारखेचा उलव्याचा कार्यक्रम पार पडला. पडला म्हणजे पडलाच. क्रांतीची पट्टी काळी पाच निघाली होती. त्या पट्टीत तिनं दोन दिवसांच्या विश्रांतीवर तीनच गाणी म्हटली, नीट म्हटली. अंकुश दोन पट्ट्या खाली उतरून गायला. पहिल्या गाण्याला त्याचा आवाज कापत होता, तिसऱ्या-चौथ्यापासून जरा स्थिर झाला. पूर्वी वरच्या ओळीला माइक लांब जायचा, आता शब्द पुरते ऐकू येत होते. शालन स्टेजच्या मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. मैदानात लोक उभे राहिले नाहीत. मधेच पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "बाईला आणा!" कुणीतरी शिट्टी मारली. नंतर संयोजकांतला एक पोरगा अंकुशला भेटला आणि फार अदबीनं म्हणाला, "काका, यंदा पार्टीत दम नव्हता."

पुढच्या सुपाऱ्यांतल्या सहा दुसऱ्या पार्टीकडे गेल्या. मे महिन्यात क्रांतीही गेली, पनवेलच्या एका ऑर्केस्ट्राकडे. जाताना शालनच्या पाया पडली. "ताई, तिकडे वरच्या पट्टीत बोलवतात, लोकांना तेच पाहिजे," एवढंच म्हणाली.  नंतर कधीतरी मोबाइलवर क्रांतीचा व्हिडिओ आला, दिव्यांच्या लखलखाटात, हनुवटी वर, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. खाली लोकांनी जोडलेल्या हातांची आणि आगीची चित्रं टाकली होती. शालन बराच वेळ तो व्हिडिओ उघडून बसली. मग तिनं क्रांतीला वेगळा मेसेज केला, 'पाणी पीत जा. खाकरू नको.' उलट एक लाल बदाम आला.

शालन मात्र थेरपीला जात राहिली. आठवड्यातून दोनदा, बालवाडी सुटल्यावर, उन्हातान्हात. स्ट्रॉ, बुडबुडे, हूं, फुर्रर्र. बालवाडीत तिनं थाळी आणि उलथनं स्वतःसाठी मागून घेतलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नव्या मुलांना बाई ओरडते हे माहीतच नव्हतं. संध्याकाळचं तिखट जेवण तिनं लवकर आटोपायला सुरुवात केली, चहा दोन कपांवर आणला. कंटाळा यायचा. कधी कधी वाटायचं, गाणं सोडून देणं याहून सोपं आहे. एकदा तिनं गीतांजलीला तसं म्हणूनही दाखवलं.

"सोडलंत तरी बोलायला आवाज लागेलच ना, ताई," गीतांजली म्हणाली. "तो तरी नीट ठेवू."

हे शालनला पटलं. मोठं काही मिळवायचं नाही, आहे ते नीट ठेवायचं, एवढं तिला झेपण्यासारखं होतं.

जुलैत पुन्हा नळी घातली तेव्हा लाल ठिपका गेला होता. घट्टे अर्ध्यावर आले होते. "गा आता," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण शहाण्यासारखं."

पावसाळ्यातल्या वर्षावासात उलव्याच्या नव्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं. तिथल्या बायकांनी एका रविवारी खिल्लारेंना बोलावलं. मैदान नव्हतं, स्टेज नव्हतं, माइक होता तो वाचनापुरता. पन्नासेक माणसं सतरंजीवर बसलेली. दत्तूमामांनी पेटी उघडून काळी चार धरली आणि शालन बसूनच गायला लागली. बुद्धाचं एक साधं गाणं होतं, तिच्या आईचं, जिंतूरकडचं. पूर्वी ते पार्टीत कधी चाललं नव्हतं, त्यात वर जायला जागाच नव्हती. आवाज जाडसर लागला, थोडा खरखरीत. पंख्याच्या आवाजात मागच्या रांगेतल्यांना पुढं सरकावं लागलं. ते सरकले.

दोन गाणी झाली. वरचा सूर लागतो का हे बघायचा मोह तिला दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीला झाला होता. ती वर गेली नाही. तिथंच थांबली, पाणी प्यायली.

खीर वाटताना एक म्हातारी तिच्याजवळ आली. "आधी ऐकलंय मी तुला, ऐरोलीला. केवढा आवाज होता गं. आता बसलाय का?"

"नाही मावशी," शालन म्हणाली. "हा असाच आहे."

म्हातारीला ते फारसं पटलं नसावं. तिनं दुःखानं मान हलवली आणि शालनच्या वाटीत आणखी एक पळी खीर घातली.

परतीच्या बसमध्ये अंकुशनं पेटी मांडीवर घेतली होती, कारण मामांची कंबर दुखत होती आणि ते पुढच्या सीटवर झोपून गेले होते. बस नव्या इमारतींच्या रांगांमधून चालली होती. अंकुशचा फोन वाजला. अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमाचं कुणीतरी विचारत होतं. अंकुश हो-हो करत ऐकत राहिला, मग त्यानं फोनवर तळवा ठेवला.

"बाई गाणार का विचारतायत. किती गाणी घेशील?"

"दोन."

"तीन म्हणू? लांबून येतायत लोक."

"दोनच."

त्यानं तळवा काढला. "दोन गाणी घेतील त्या," तो फोनमध्ये म्हणाला. "हां, दोनच. नाही, सवाल-जवाब नाही आता. बघा, परवडत असेल तर."

पलीकडून काय म्हणाले ते शालननं ऐकलं नाही. तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं होतं. नेरुळ यायला अजून अर्धा तास होता, तेवढ्यात एक डुलकी होण्यासारखी होती.